कुडीचा नकाशा

आपल्या भाषेत सुखदुःखाचा हिशेब देहाच्या अवयवांवर मांडलेला असतो. कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणाच्या छातीत धस्स होते, कुणाचे कंबरडे मोडते, कुणाच्या काळजाला घरे पडतात. दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो आणि नको त्या माणसाला डोक्यावर बसवतो. हे बोलताना आपण अलंकार वापरीत आहोत असे कुणाच्या मनातही येत नाही, कारण बोलणाऱ्याला ते ठिकाण खरोखरच जाणवत असते. कोंकणीत देहाला ‘कूड’ म्हणतात आणि खोलीलाही ‘कूड’च म्हणतात, मराठीतली ‘कुडी’ तिची सख्खी बहीण. देह ही जिवाची राहण्याची खोली आहे, हे कीर्तनकाराने सांगण्याच्या आधीच शब्दाने सांगून ठेवले आहे. आणि खोलीची गोष्ट अशी, की ती बाहेरून पाहणाऱ्याला एक दिसते व आत राहणाऱ्याला दुसरी. छप्पर कुठे गळते, कोणत्या कोपऱ्यात उजेड पोचत नाही, कोणती फरशी पायाखाली हलते, हे राहणाऱ्यालाच ठाऊक असते.

इतका शब्दांचा साठा हाताशी असूनही, घरातल्या बाईला “कसे आहे?” म्हणून विचारले तर उत्तर एकच येते: “बरे आहे.” या ‘बरे आहे’च्या पलीकडे जाण्याचा एक मार्ग अलीकडच्या संशोधकांनी शोधला आहे. त्याची ओळख आम्हांस आमच्या हरणीतच झाली, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असे तेव्हापासून मनात होते.

हरणी हे बडोद्याच्या ईशान्येचे एके काळचे स्वतंत्र गाव. आता ते शहराच्या पोटात गेले आहे. परगावच्या लोकांना ते विमानतळामुळे ठाऊक असते, बडोदेकरांना भीडभंजन मारुतीमुळे. शनिवारी मारुतीच्या वाटेवर रुईच्या माळा आणि तेलाच्या वाट्या यांची गर्दी असते. बडोद्याच्या नवनाथांपैकी मोटनाथ महादेव येथेच, तळ्याच्या काठी आहे. नोकरीच्या निमित्ताने कुणी रत्नागिरीकडून, कुणी गोव्यातून, कुणी कारवारकडून बडोद्यास आले आणि हळूहळू या बाजूला घरे करून राहिले. अशा घरांचा आमचा एक लहानसा मेळ आहे. नवरात्रात आरत्या मराठीत होतात, प्रसादाच्या पंक्तीत कोंकणी ऐकू येते, आणि चपलांपाशी मुले आपापसांत गुजराती बोलत असतात.

या मेळातील एक मुलगी समाजशास्त्राचा उच्च अभ्यास करते. घरात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांचा अनुभव, हा तिचा विषय. तिने एके दिवशी देवळाच्या कार्यकारी मंडळींकडे दुपारपुरते सभागृह मागितले. कशासाठी, म्हणून विचारता ती म्हणाली, “बायकांनी स्वतःच्या देहाचे पूर्ण उंचीचे चित्र काढायचे आहे आणि त्यात आपला अनुभव रंगवायचा आहे.” हे ऐकताच मंडळींच्या भुवया वर गेल्या. एक वृद्ध गृहस्थ स्पष्टच म्हणाले, “देवाच्या दारात देहाची चित्रे? आमच्या मते हे औचित्याला सोडून आहे.”

त्यावर उत्तर दिले ते आमच्या पुजारीबुवांनी. ते म्हणाले, “रोज पूजेला बसताना मी आधी अंगन्यास करतो. हृदय, शिर, शिखा, नेत्र, एकेका ठिकाणी हात लावून तिथे देवता आहे असे म्हणतो. देवाच्या दारात देह वर्ज्य असता तर न्यास कशाला सांगितला असता? या मुली आपापल्या अंगाला हात लावून तिथे काय आहे ते सांगणार आहेत. सांगू द्या.” सभागृह मिळाले. पडदे ओढून घ्यायचे आणि पुरुषांनी बाहेरच्या ओसरीवर बसायचे, एवढी अट मुलीनेच घातली.

ही पद्धत तिच्या डोक्यातून निघालेली नव्हती. हिला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८०च्या दशकात जमेका बेटावर कॅरल मॅककॉर्मक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लोकांपुढे माणसाच्या देहाची नुसती बाह्यरेखा ठेवली आणि आत काय काय आहे ते काढावयास सांगितले. संततिनियमनाची साधने बायका का नाकारतात, हे प्रश्नावलीने उलगडत नव्हते, चित्राने उलगडले. आत गेलेली वस्तू देहात कुठेतरी हरवून बसेल, ही भीती त्या रेषांत स्वच्छ दिसत होती. १९९२ साली अँड्रिया कॉर्नवॉल यांनी झिम्बाब्वेतील असाच अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हापासून ‘देहाचा नकाशा’ हा शब्द आरोग्याच्या कामात रूढ झाला.

पुढे या नकाशाने वेगळे वळण घेतले. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ खायेलित्शा नावाची वस्ती आहे. २००२ साली तेथील एच.आय.व्ही.बाधित स्त्रियांच्या एका गटाने चित्रकार जेन सॉलोमन आणि मानसशास्त्रज्ञ जोनाथन मॉर्गन यांच्या सोबतीने स्वतःच्या देहाच्या पूर्णाकृती बाह्यरेखा मोठमोठ्या कागदांवर काढून घेतल्या आणि त्या रंगवल्या. विषाणू कुठे आहे, बळ कुठे आहे, कोणता व्रण कशाचा, आणि मागे कोण उभे आहे, हे सारे त्या चित्रांत आले. या रोगावरचे औषध त्या वस्तीत नुकतेच मिळू लागले होते. मरणाची वाट पाहणाऱ्या बाया पुन्हा जगण्याचा विचार करू लागल्या होत्या. त्यांची चित्रे आणि कथा २००३ साली ‘लाँग लाइफ’ या पुस्तकात आल्या. त्यानंतर कॅनडात टोरांटो येथे डेनिस गास्ताल्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रीत, कागदपत्रांविना राहणाऱ्या लॅटिन अमेरिकन कामगारांच्या अभ्यासासाठी वापरली आणि २०१२ साली तिची शिस्तशीर मांडणी केली. त्यांनी घालून दिलेला नियम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. एकटे चित्र पुरे नाही. त्याच्यासोबत चित्र काढणाऱ्याची त्याच्याच तोंडची छोटी कथा हवी, आणि चित्रातील प्रत्येक खुणेचा अर्थ त्यानेच सांगितलेला हवा. ज्याचा नकाशा, त्याचीच सूची.

बडोद्यासारख्या शहराला देहाचे वावडे कधीच नव्हते. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा प्रोफेसर माणिकराव यांनी येथेच वाढवली. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ येथूनच निघाला; त्यात देहाची चित्रेच चित्रे आहेत. १९४९ साली वैद्यकीय महाविद्यालय आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ येथे स्थापन झाले, १९५० साली कलाशाखा निघाली. म्हणजे मल्लाचा देह, रोग्याचा देह आणि चित्रकारापुढे बसलेल्या माणसाचा देह असे तिन्ही देह या शहराने बारकाईने अभ्यासले. त्याच्याही मागे जावे तर सुश्रुताने १०७ मर्मे मोजून ठेवली आहेत. पण या सगळ्यांत पाहणारा एक आणि देह दुसऱ्याचा. मर्मांचा नकाशा सर्वांचा एकच असतो, आणि तसाच तो असावयास हवा. नाहीतर शस्त्रवैद्याने काय करावे? दुःखाचा नकाशा मात्र ज्याचा त्याचा असतो, आणि तो काढण्याची विद्या आखाड्यात किंवा महाविद्यालयात कुणी शिकवली नव्हती.

ही उणीव केवळ तात्त्विक आहे असे कुणी समजू नये. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग. आणि त्यांच्यापैकी आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. म्हणजे दुखणे जवळजवळ प्रत्येक घरात होते आणि ते कुठल्याही दप्तरात नव्हते. दुखणाऱ्या बाईला देह होता, जीभ होती, पण विचारणारे कुणी नव्हते, आणि विचारलेच तर उत्तर होते तेच, “बरे आहे.” राणी बंग यांनी पुढे आपल्या पुस्तकाला ‘कानोसा’ हे नाव दिले, ते किती सार्थ आहे! कानोसा घ्यावयाचा तो बंद दाराशी.

आमच्या बडोद्यातही हा कानोसा घेतला गेला आहे. १९९४ साली भारतातील स्त्रिया स्वतःच्या आरोग्याविषयी काय बोलतात याचा एक संशोधनग्रंथ दिल्लीहून प्रसिद्ध झाला. त्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शुभदा कनानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बडोद्याच्या झोपडवस्त्यांत केलेला अभ्यास आहे. स्त्रिया आपल्या दुखण्याकडे कसे पाहतात आणि त्यांच्यावर उपचार करणारे कसे पाहतात, अशा दोन्ही बाजू त्यांनी विचारल्या. या प्रकारच्या संशोधनाला गुणात्मक संशोधन म्हणतात. किती जणी, हा त्याचा प्रश्न नसतो. कसे आणि कशामुळे, हा असतो. मोजणी करणारे संशोधन आणि हे संशोधन यांत सवतीमत्सर असण्याचे कारण नाही. ९२ टक्के हा आकडा कळल्याशिवाय सरकार जागे होत नाही. आणि त्या आकड्यातली एक बाई रात्री कशी जागते हे कळल्याशिवाय तिचे घर जागे होत नाही.

आता त्या दुपारविषयी. खाकी कागदाचे भेंडोळे आणून दोन दोन पट्ट्या जोडल्या होत्या. कोळसा, रंगीत खडू, मुलांच्या रंगपेट्या आणि हात पुसायला जुनी धोतरे एवढीच सामग्री. नऊ जणी होत्या. दोघी दोघींनी मिळून, एकीने कागदावर आडवे व्हायचे आणि दुसरीने तिच्या कडेने रेघ ओढायची. ज्यांना जमिनीवर निजता येत नव्हते, त्यांचा कागद भिंतीला लावला आणि मागून दिवा धरून पडलेल्या सावलीच्या कडेने रेघ काढली. उभे राहण्याचेही त्राण नव्हते तिला लहान कागदावर छापलेली आकृती दिली. कुणाला देहाला स्पर्श नको असेल तर तसे म्हणण्याची मोकळीक होती, आणि एकीने तसे म्हटलेही. प्रथम अर्धा तास आतून नुसता हशा ऐकू येत होता. आपली आकृती आपल्यापुढे पाहून कुणाला आपण जाड वाटलो, कुणाला बुटक्या. मग आवाज कमी कमी होत गेला. ओसरीवर बसलेल्या आम्हां पुरुषांना खडू कागदावर घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला. पन्नास वर्षे ज्यांच्या बोलण्याने घरे भरली, त्यांची ही शांतता ऐकताना आम्हांपैकी कुणाला वर्तमानपत्र वाचणे जमले नाही.

पुढे जे लिहितो आहोत ते तिघींनी आपण होऊन, नाव न घालण्याच्या अटीवर, लिहिण्याची परवानगी दिली म्हणून.

पहिल्या बाई कारवारकडच्या, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या यजमानांना विस्मरणाचा विकार आहे. त्यांनी सबंध देह स्वच्छ पिवळ्या रंगाने भरला. फक्त ओठांपासून गळ्यापर्यंत राखाडी पट्टा ओढला. मुलीने खूण दाखवून विचारले तेव्हा त्या आपल्या भाषेत म्हणाल्या, “हांगा दुखता, पूण सांगूंक येना.” इथे दुखते, पण सांगता येत नाही. थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, “उलोवंक कोण ना.” बोलायला कोणी नाही. मुलगा सून मराठी बोलतात, नातवंडे गुजराती आणि इंग्रजी. कोंकणी ज्यांच्याशी बोलायची ते एकच माणूस घरात होते, आणि ते आता समोर बसूनही ऐकत नाही. शुश्रूषेचे कष्ट म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पाठ आणि कंबर येते. घशात साचलेली एक सबंध भाषा कोणत्या तपासणीत सापडली असती?

दुसरी तरुण. तिच्या लहान मुलाला चालता येत नाही. तिने आपल्या आकृतीला चार हात काढले. एका हातात दुधाची वाटी, एकात मुलाचा पट्टा, एकात मोबाइल, आणि चौथा रिकामा. शेजारच्या बायका कौतुकाने म्हणाल्या, “अगं, तू तर देवी झालीस!” ती म्हणाली, “देवीला चार हात असतात ना, म्हणून तिला कुणी विचारत नाही, दमलीस का म्हणून.” पूजा करणाऱ्या आम्हां सर्वांना हे वाक्य पुरे आहे. स्त्रीला देवी म्हणण्यात आपण तिचा सन्मान करतो खरा. पण त्या सन्मानाच्या आडून तिचा चौथा रिकामा हातही आपण कामाला लावतो.

तिसऱ्या आमच्या काकी. काका सहा वर्षे पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. काकींचे गुडघे दुखतात हे सबंध घराला ठाऊक. डॉक्टरांच्या फायलीत गुडघ्यांची चित्रे, कपाटात गुडघ्यांचे तेल. काकींनी गुडघ्यांवर दोन फिक्या रेघा ओढल्या आणि ते काम संपवले. उजवा कान मात्र काळा गर्द केला आणि त्या कानापासून थेट टाचांपर्यंत एक रेघ खाली आणली. मग सबंध अंगावर फिका निळा रंग चढवला. तो चढवताना कपाळावर रुपयाएवढी जागा कोरी ठेवली.

आता सवाष्ण बाईने आपल्या चित्राचे कपाळ कोरे ठेवावे, हे पाहून भोवतालच्या बायका चपापल्या. एकजण लाल खडू घेऊन पुढे झालीच, “अहो काकी, कपाळ तसे ठेवू नका.” काकींनी तिचा हात धरला. दुसरी हळूच म्हणाली, काकांच्या काळजीने असे झाले असेल. मुलीने या कुठल्याच बोलण्याला दुजोरा दिला नाही. तिने एवढेच विचारले, “काकी, इथे काय आहे?” काकी म्हणाल्या, “तिथे काही नाही. तिथे दुखत नाही. सगळ्या अंगात तेवढीच जागा मोकळी राहिली आहे. देवळाच्या उंबऱ्याला टेकते ती.” आणि कानाचे विचारता म्हणाल्या, “हा कान रात्री निजत नाही. ह्यांनी कूस बदलली तरी ह्याला कळते, आणि मग पाय आपोआप खाली येतात.”

आम्हांस या पद्धतीचे सारे मर्म त्या कोऱ्या जागेत दिसते. समजा, कागद तेवढा गोळा करून नेला असता, आणि एखाद्या विद्वानाने आपल्या खोलीत बसून त्याचा अर्थ लावला असता. कोरे कपाळ म्हणजे वैधव्याची भीती, असे त्याने निःसंशय लिहिले असते. लेख छापून आला असता आणि वाचणाऱ्यांनी माना डोलावल्या असत्या. काकींच्या देहातील जी एकुलती एक सुखाची जागा, तीच दुःखाची म्हणून नोंदली गेली असती. चित्र मुके असते असे नव्हे. ते फार बोलते, आणि ज्याला जे ऐकावयाचे असेल ते बोलते. म्हणून चित्र हा पुरावा मानू नये. ते आसन आहे. त्या आसनावर बसून काढणाऱ्याचा शब्द यावयाचा असतो, आणि तो येईपर्यंत संशोधकाने हात जोडून थांबावयाचे असते.

गोव्यातील कित्येक देवळांत कौल घेण्याची रीत आपल्या वाचकांस परिचित आहे. मूर्तीच्या अंगावर नेमक्या ठिकाणी पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि कोणती पाकळी पडते याची वाट पाहतात. तेथे घाई चालत नाही. पाकळी पडली नाही तर बोटाने कुणी ती पाडीत नाही. माणसाच्या देहापुढे एवढी अदब आपण क्वचितच दाखवतो. त्याने सांगण्यापूर्वी आपण अर्थ काढून मोकळे होतो, म्हणजे पाकळी बोटाने पाडतो. लाल खडू घेऊन पुढे झालेली ती बाई काही दुष्ट नव्हती. उलट माया होती म्हणूनच ती पुढे झाली. पण मायेच्या माणसाचाही हात अशा वेळी धरावा लागतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. हा नकाशा म्हणजे निदान नव्हे. राखाडी घशासाठी वैद्याकडे जावे लागत असेल तर जावेच लागते. हा उपचारही नव्हे. रंग भरता भरता एखादीच्या मनाचा बांध फुटतो, तेव्हा तिच्याजवळ बसणारे शहाणे माणूस हवे आणि पुढे कुणाकडे जावे हे सांगता आले पाहिजे. मुख्य म्हणजे प्रत्येक दुःखाच्या दारात हे कागद घेऊन जाण्याचा अधिकार कुणाला नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आमच्या मोटनाथ तळ्यात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. त्या तळ्याच्या काठाने जाताना हरणीतल्या माणसाचे पाऊल अजून अडखळते. परंतु ज्या घरांतले मूल गेले त्या घरांत, अनुभव कसा जगलात हे विचारायला रंगपेटी घेऊन जाणे म्हणजे क्रौर्य होईल. त्यांनी आपण होऊन बोलावले तर गोष्ट निराळी. संशोधनाची सभ्यता पुष्कळदा न विचारलेल्या प्रश्नांत असते.

शेवटी प्रश्न आला तो कागदांचा. नऊ पूर्णाकृती देह, त्यांवर नऊ जणींची मने. हे ठेवायचे कुठे? खायेलित्शातील स्त्रियांनी आपली चित्रे जगापुढे मांडली, कारण त्यांच्या रोगाला लपवाछपवीचेच बळ होते आणि ते त्यांना मोडायचे होते. आमच्या मेळातील स्त्रियांची गरज तशी नव्हती. मुलीने आपल्या अभ्यासापुरती कथा आणि खुणांची सूची लिहून घेतली, ती त्यांना वाचून दाखवली, ज्यांनी जे वगळायला सांगितले ते वगळले, आणि कागद ज्याचे त्याला परत केले. एकीने तो गुंडाळून ट्रंकेत ठेवला. एकीने चुलीत घातला आणि “हलके वाटले” म्हणाली. चार हातांच्या मुलीने आपला कागद स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे. घरच्यांना तो रोज दिसतो. विद्यापीठाच्या नियमांत या गोष्टीला काय म्हणतात ते म्हणोत. आमच्या समजुतीप्रमाणे हा ऋण फेडण्याचा प्रकार आहे. ज्याच्याकडून अनुभव घेतला, त्याचा त्यावरचा हक्क सुटत नाही.

काकींनी आपला कागद घरी आणला आणि रात्री जेवणानंतर सर्वांपुढे उलगडला. कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या खोलीत आळीपाळीने निजण्याची व्यवस्था झाली. आठवड्यातल्या चार रात्री काकी माडीवर निजतात. पहिले काही दिवस त्यांना तिकडेही तीन वाजता जाग येई, पाय खाली येत, आणि मग आठवण होऊन त्या पुन्हा पडत. गुडघ्यांचे तेल चालूच आहे.

आपल्या समाजाच्या देवळांपाशी सभागृहे आहेत. सत्यनारायण, मुंजी, व्याख्याने यांसाठी ती आपण मोकळ्या हाताने देतो. वर्षातून एखादी दुपार ती अशा कामासाठी द्यावीत, अशी आमची सर्व मंडळींना विनंती आहे. खर्च म्हणाल तर खाकी कागदाचे एक भेंडोळे आणि खडूच्या चार पेट्या. पदवी घेतलेले संशोधक मिळतील तेथे त्यांचे मार्गदर्शन घ्यावे. मिळाले नाहीत तर निदान दोन नियम पाळावेत: खुणेचा अर्थ काढणाऱ्यानेच सांगावा, आणि कागद त्याच्याच घरी जावा. पुरुषांचेही असे नकाशे निघावेत, असे आम्हांस वाटू लागले आहे; पक्षाघाताने निजलेल्या काकांना बोलता येत नाही, पण डाव्या हातात खडू धरता येतो. परवा आम्ही त्यांच्यापुढे कागद ठेवून पाहिला. बराच वेळ विचार करून त्यांनी एकच रेघ ओढली आणि खडू ठेवला. रेघ कशाची आहे, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही.